थर्टीन रीझन्स व्हाय

एका किशोरवयीन विद्यार्थिनीची आत्महत्या व हायस्कूलमधील जीवन हे विषय हाताळणारी अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका. जे ॲशर ह्या अमेरिकन लेखकाच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीवर ती आधारलेली असून तिचे रूपांतर ब्रायन यॉर्की यांनी केले. आंतरजालावरून मनोरंजनाचे कार्यक्रम पुरविणाऱ्या नेटफ्लिक्स ह्या कंपनीने पहिल्या पर्वाचे तेराही भाग ३१ मार्च २०१७ रोजी एकाच वेळी प्रसारित केले. पुढे २०१८, २०१९ व २०२० मध्ये आणखी तीन पर्वे निघाली. मालिकेचे एकूण भाग ४९ आहेत. आत्महत्येच्या नाट्यमय चित्रणाचा कोवळ्या वयाच्या प्रेक्षकांवर काय परिणाम होतो, ह्या जुन्या प्रश्नाची तिच्यामुळे नव्याने चर्चा झाली.

कथानक : लिबर्टी हायस्कूलमधील हॅना बेकर (कॅथरिन लँगफर्ड) ही सतरा वर्षांची विद्यार्थिनी आत्महत्या करते. तत्पूर्वी तिने सात ध्वनिफितींच्या तेरा बाजूंवर आपल्या मृत्यूची कारणे सांगून ठेवलेली असतात. त्या त्या कारणाशी संबंधित व्यक्तींनी ह्या फिती ऐकून पुढच्या व्यक्तीकडे सोपवाव्यात, अशी तिची योजना असते. तिच्यावर मूकपणे प्रेम करणारा क्ले जेन्सन (डिलन मिनेट) ह्याच्या हाती त्या येतात आणि त्याच्या ऐकण्यातून भूत व वर्तमान ह्या दोन्ही पातळ्यांवर कथा उलगडत जाते. कादंबरीत क्ले सर्व फिती एका रात्रीत ऐकतो. मालिकेत ह्या काळाचा विस्तार करून इतर विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या जीवनालाही स्थान दिले आहे. अफवा, भ्रमणध्वनीवरून पसरविलेले छायाचित्र, मुलींच्या देहांविषयीची शेरेबाजी, तुटलेली मैत्री व अखेरीस बलात्कार ह्या मालिकेतील घटनांपैकी एकट्या पाहता काही क्षुल्लक वाटतात. परंतु त्या एकाच मुलीवर साचत जातात, हे पहिल्या पर्वाने परिणामकारकपणे दाखविले आहे. हॅना शेवटी शाळेच्या समुपदेशकाकडे जाते. पण त्याच्याकडूनही तिला आधार मिळत नाही.

आक्षेप : शाळांतील छळ व लैंगिक अत्याचार ह्यांविषयी घराघरांत बोलणे सुरू झाले, ह्याचे श्रेय अनेकांनी मालिकेला दिले. मानसोपचारतज्ञांचे आक्षेप मात्र मूलभूत होते. पहिला, अखेरच्या भागात आत्महत्येचे कृत्य सुमारे तीन मिनिटे तपशीलवार दाखविले होते. दुसरा, मृत्यूनंतरही नायिका बोलत राहते, अपराध्यांना शासन करते व हयातीत न मिळालेले लक्ष मिळविते. त्यामुळे आत्महत्या हे न्याय मिळविण्याचे साधन भासते. तिसरा, कारणे केवळ इतरांच्या वर्तनात शोधल्यामुळे नैराश्यासारख्या उपचारक्षम विकाराला कथेत जवळजवळ स्थान उरत नाही. चौथा, मदत मागणे निष्फळ ठरते, असे सुचविले जाते. आत्महत्येची भीषणता लपविली तर तिचे उदात्तीकरण होईल, असे मालिकाकर्त्यांचे उत्तर होते. एप्रिल २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या वर्गीकरण कार्यालयाने हिच्यासाठी एक नवीन श्रेणी निर्माण केली. तीनुसार अठरा वर्षांखालील प्रेक्षकांनी ही मालिका पालकांसमवेतच पाहावयाची होती.

पूर्वपीठिका : अनुकरणात्मक आत्महत्येला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये ‘वेर्थर परिणाम’ ही संज्ञा दिली. गटेच्या १७७४ मधील कादंबरीच्या नायकावरून ती घेतलेली आहे. ह्या कादंबरीवर लाइपसिकमध्ये बंदी घालण्यात आली होती. पश्चिम जर्मनीत १९८१ मध्ये एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येवरील सहा भागांची मालिका प्रक्षेपित झाली व १९८२ मध्ये पुन:प्रक्षेपित झाली. पहिल्या प्रक्षेपणाच्या काळात व त्यानंतर १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांत, नायकाने अवलंबिलेल्याच पद्धतीच्या आत्महत्या १७५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे श्मिटके व हेफनर यांना १९८८ मध्ये आढळले. उलट, अशाच विषयावरील अमेरिकन दूरचित्रवाणीपटांबाबत १९८६ मध्ये न्यूयॉर्क परिसरातून निघालेला अनुकरणाचा निष्कर्ष १९८७ मध्ये अन्य राज्यांतील आकडेवारीने पुष्ट झाला नाही.

संशोधन : मालिकेच्या प्रसारणानंतरच्या १९ दिवसांत अमेरिकेत आत्महत्येविषयीचा आंतरजालीय शोध अपेक्षेपेक्षा १९ टक्क्यांनी अधिक होता. त्यात मदतीचा शोध होता, तसा साधनांचाही होता. २०१९ मधील एका अभ्यासात, एप्रिल २०१७ मध्ये १० ते १७ वर्षे वयोगटातील आत्महत्यांचे प्रमाण २८·९ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. ही वाढ प्रामुख्याने मुलग्यांत होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने १० ते १९ वर्षे वयोगटात १३·३ टक्के वाढ नोंदविली, पण ती मुलींत अधिक होती. २०२० मध्ये डॅनिएल रोमर यांनी पहिल्या अभ्यासाच्या सामग्रीचे पुन्हा विश्लेषण केले. मुलग्यांतील वाढ प्रसारणापूर्वीच्या मार्च महिन्यातच दिसू लागली होती व आत्महत्यांचे प्रमाण मुळातच वर्षानुवर्षे चढते होते, असे त्यांनी दाखविले. मृत्यू पावलेल्यांनी मालिका पाहिली होती की नाही, हे अशा आकडेवारीतून कळत नाही. म्हणून कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तथापि आधीच खचलेल्या प्रेक्षकाला असलेला धोका नाकारण्यासही त्यात आधार नाही.

फलश्रुती : पुरावा विवाद्य असतानाही निर्मात्यांना सावधगिरीचा मार्ग पत्करावा लागला. प्रथम पूर्वसूचना वाढविण्यात आल्या. २०१८ मध्ये नटनटींनी भूमिकेबाहेर येऊन मदत घेण्याचे आवाहन करणारी चित्रफीत जोडण्यात आली आणि जुलै २०१९ मध्ये वैद्यकीय तज्ञांच्या सल्ल्यावरून ते वादग्रस्त दृश्यच वगळण्यात आले. ते वगळल्याने कथेचा आशय समजण्यात अडचण आली नाही.

विषय वर्ज्य करणे हा ह्यावरील उपाय नव्हे. २०१० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी ‘पापागेनो परिणाम’ ही संकल्पना मांडली. मोट्सार्टच्या द मॅजिक फ्लूट (१७९१) ह्या संगीतिकेत पापागेनो हा निराश पात्री इतरांनी दुसरी वाट दाखविताच जीव देण्यापासून परावृत्त होतो, त्यावरून हे नाव पडले. संकटावर मात करणाऱ्यांच्या हकीकती संरक्षक ठरू शकतात, असा तिचा आशय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रंगभूमी व चित्रपट ह्या क्षेत्रांतील व्यक्तींसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. आत्महत्येचे कृत्य व साधन दाखवू नये, एकाच कारणाकडे बोट दाखवू नये, धोक्याची लक्षणे व मदतीचे मार्ग दाखवावेत, असे तीत सुचविले आहे. मदतीच्या अशा मार्गांपैकी भारतात २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर उपलब्ध आहे.