शब्दांचा मार

"आम्ही त्याला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही," असं पालकसभेत अब्बा सांगतात, तेव्हा आम्ही मान डोलावतो. पण तोच मुलगा वर्गात नाव घेताच दचकतो. काल तोंडपाठ असलेलं उत्तर आज त्याला आठवत नाही. परीक्षा आली की पोट दुखतं आणि डॉक्टरांना काही सापडत नाही. मग कळतं, घरी रोज एकच ऐकावं लागतं: "नालायक निघालास. चाचांचा मुलगा बघ!"

हे ढोंग नसतं. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग इशारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल रक्तात उतरतं, छाती धडधडू लागते. कुत्रा अंगावर आला तर हीच यंत्रणा जीव वाचवते आणि कुत्रा गेला की शांत होते. घरातला टोमणा जात नाही. तो दस्तरखानावरही शेजारीच बसतो. ताण असा महिनोन्‌महिने राहिला की आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पसवर परिणाम होतो; झोप, पचन, रक्तदाबही बिघडू शकतो.

अमेरिकेत सॅन डिएगो इथं डॉ. विन्सेंट फेलिटी, डॉ. रॉबर्ट अँडा आणि सहकाऱ्यांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. निष्कर्ष १९९८ साली छापून आले. मारहाणीबरोबरच शिवीगाळ आणि अपमानाचीही त्यात वेगळी नोंद होती. लहानपणी चार किंवा अधिक प्रकारचे क्लेश सोसलेल्यांत नैराश्य, व्यसन, आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी जास्त आढळले, हृदयविकारही. प्रत्येकाचं असंच होतं असं मुळीच नाही. घरात नाना, फूफी, कुणी एक जरी मायेनं जवळ घेणारं असलं, तरी मूल बरंच सावरतं.

आईला मुलांदेखत रोज टाकून बोलणं हाही त्यांच्यासाठी मारच. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ धरलेला आहे, हे कित्येक भगिनींना ठाऊक नसतं. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे फोन नंबर मोफत आहेत.

आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. एकदा गणित चुकलं म्हणून आम्ही एकाला विचारलं, "डोक्यात दगड भरलेत का?" वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गासमोर आम्ही त्याची माफी मागितली. त्याने वर पाहिलं नाही. त्याचा हात पुन्हा वर यायला दिवाळीची सुट्टी उलटून जावी लागली.