पदक चवीचे, आरोग्याचे नव्हे

नाशिककडच्या एखाद्या वायनरीच्या वाइनला परदेशातील स्पर्धेत पदक मिळाले, अशी बातमी आता आपल्याला नवी राहिलेली नाही. नारायणगाव, दिंडोरी, विंचूर, पलूस, अकलूज ही नावे वाइनच्या संदर्भात सहज घेतली जातात. द्राक्षांच्या जोडीला स्ट्रॉबेरी, जांभूळ, चिकू, आंबा या फळांच्या वाइनही बाजारात आल्या आहेत आणि त्यांच्याही बाटल्यांवर पदकांची गोल चिकटपट्टी दिसू लागली आहे. आपल्या मातीतल्या फळाचे कौतुक झाले की आनंद वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

मात्र या बातमीच्या पाठोपाठ एक समजूतही घरात शिरते. ‘फळांचीच तर आहे, वर पदकही मिळाले आहे, म्हणजे प्रकृतीला चांगलीच असणार!’ २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य खूप गाजले. निर्णयाला विरोध झाला, तो मागे पडला. वाक्य मात्र लोकांच्या तोंडी राहिले. तेव्हा हे पदक नेमके कशाचे असते आणि बाटलीत काय असते, ते आज पाहू.

पदक कसे ठरते?

छोट्या प्रदेशातील वायनऱ्या पदकांसाठी एवढ्या का धडपडतात, याचे उत्तर २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झालेल्या एका चाचणीत आहे. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या तेव्हा फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या वाइन नाव झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. तांबड्या आणि पांढऱ्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. नाव नसलेल्या प्रदेशाला एका दिवसात नाव मिळाले. तेव्हापासून अमेरिकेतील राज्यांच्या जत्रांपासून लंडनच्या डिकँटर स्पर्धेपर्यंत सगळीकडे नव्या वायनऱ्या प्रवेश शुल्क भरून आपल्या बाटल्या पाठवतात. आपल्याकडील वायनऱ्यांनीही लंडनहून पदके आणली आहेत.

परीक्षक काय तपासतात? द्राक्ष व वाइन यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची गुणपत्रिका शंभर गुणांची आहे. रंग आणि स्वच्छता यांना १५, वासाला ३०, चवीला ४४ आणि एकूण मेळाला ११ गुण. या संघटनेच्या आश्रयाने होणाऱ्या स्पर्धांत आलेल्या नमुन्यांपैकी जास्तीत जास्त ३० टक्क्यांनाच पदके देता येतात. या शंभर गुणांत आरोग्यासाठी एकही गुण नाही. यकृताला काय सोसेल, रक्तातील साखर किती वाढेल, हे पाहणे परीक्षकांचे कामच नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परीक्षकाला एका दिवसात कित्येक नमुने चाखायचे असतात. तो प्रत्येक घोट तोंडात फिरवतो आणि शेजारच्या पिकदाणीत थुंकतो. वाइन पोटात गेली तर थोड्याच वेळात जीभ आणि डोके दोन्ही काम देणार नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणजे जी वाइन पदक मिळवते, ती पदक देणारा स्वतः गिळत नाही!

चवीच्या बाबतीतही पदक हा अखेरचा शब्द नव्हे. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त प्राध्यापक स्वतः एक लहान वायनरी चालवत. त्यांनी तेथील राज्य जत्रेच्या स्पर्धेत २००५ पासून चार वर्षे एक प्रयोग केला. एकाच बाटलीतून ओतलेले तीन पेले, न सांगता, इतर नमुन्यांत मिसळून परीक्षकांपुढे ठेवले. तिन्ही पेल्यांना एकाच पदकाच्या गटात बसतील असे गुण देणारे परीक्षक दहात सुमारे एक निघाले. पुढे त्यांनी अमेरिकेतील तेरा स्पर्धांचे निकाल ताडून पाहिले. तीनपेक्षा अधिक स्पर्धांत उतरलेल्या ज्या वाइनना कोठे ना कोठे सुवर्णपदक मिळाले होते, त्यांतील ८४ टक्के वाइनना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीच मिळाले नव्हते.

फळांच्या वाइनमध्ये फळ किती?

आता बाटलीत डोकावू. वाइन होते म्हणजे रसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल होते. एक लीटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असेल, तर तिचे एक टक्का अल्कोहोल होते. वाइनच्या पक्व द्राक्षाच्या रसात लीटरला दोनशे ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणून बाराएक टक्के अल्कोहोल त्यातून आपोआप मिळते.

स्ट्रॉबेरीचे तसे नाही. तिच्यात साखर शेकडा पाच ते आठ भाग. नुसत्या तिच्या रसाची वाइन केली तर ती चार-साडेचार टक्क्यांच्या पुढे जाणार नाही. ती अकरा टक्क्यांवर न्यायची, तर लीटरमागे शंभर ग्रॅमच्या वर साखर घालावी लागते. म्हणजे अशा वाइनमधील निम्म्याहून अधिक अल्कोहोल फळापासून नव्हे, तर पोत्यातल्या साखरेपासून आलेले असते. चिकू गोड खरा, पण त्याचा गर दाट, त्यात पाणी घालावे लागते आणि मग पुन्हा साखर. शिवाय वाइन गोड लागावी म्हणून काही साखर शेवटी शिल्लक ठेवतात, ती वेगळीच. फळातला चोथा तर गाळताना निघून जातो. बाटलीवर फळाचे चित्र आहे म्हणून आत फळाचे सारे गुण आहेत, असे मानता येणार नाही.

येथे मधुमेही वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. जांभूळ मधुमेहाला चांगले, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे; म्हणून जांभळाची वाइन औषधासारखी घेण्याचा मोह होतो. ही गफलत जिवावर बेतू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मद्य घेतल्यावर काही तासांनी, बहुधा रात्री झोपेत, रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एरवी अशा वेळी यकृत साठवलेली साखर रक्तात सोडून आपल्याला सावरते. पण ते मद्याचा निचरा करण्यात गुंतलेले असते. रुग्ण बरळतो, घामाने भिजतो, निपचित पडतो आणि घरच्यांना वाटते, ‘जरा जास्त झाली असेल, झोपू दे.’ हे झोपू देणे अनर्थकारक ठरते. अशा वेळी ग्लुकोमीटर असेल तर ताबडतोब साखर तपासावी. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा.

एका पेल्याचा हिशेब

‘वाइन सौम्य असते’ हे म्हणणे कितपत खरे? १५० मिलिलीटरचा एक पेला, १२ टक्के अल्कोहोल; म्हणजे १८ मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलिलीटरच्या पेगात ते तेराच्या आसपास असते. वाइनचा एक पेला म्हणजे जवळजवळ दीड पेग झाला. वाइनच्या ७५० मिलिलीटरच्या पूर्ण बाटलीत ९० मिलिलीटर अल्कोहोल असते, तर व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये ७७. एका क्वार्टरपेक्षा एका वाइनच्या बाटलीत अल्कोहोल अधिक! पाणी जास्त मिसळलेले असल्याने ते जाणवत नाही, इतकेच. यकृताला मात्र बाटलीवरचे नाव वाचता येत नाही.

हृदयाला चांगली म्हणतात, त्याचे काय?

१९९१ साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितले गेले, की लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांना हृदयविकार कमी, आणि त्याचे श्रेय तांबड्या वाइनला असावे. ही गोष्ट जगभर पसरली. पुढे संशोधकांनी खोलात जाऊन पाहिले, तेव्हा एक गोम सापडली. ‘अजिबात न पिणाऱ्या’ मंडळींत आजारपणामुळे पिणे सोडलेले लोकही धरले गेले होते. त्यांच्याशी तुलना केल्यावर थोडी पिणारी मंडळी साहजिकच धट्टीकट्टी दिसली. ही चूक दुरुस्त केली की फायदा बहुतांशी विरघळून जातो. वाइनमधील रेझवेराट्रॉल या द्रव्याचा गाजावाजा झाला. पण एका लीटरमध्ये ते अवघे काही मिलिग्रॅम असते, आणि माणसांवरील चाचण्यांत त्याच्या मात्रा शेकडो मिलिग्रॅमच्या होत्या.

उलट बाजू मात्र भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. तंबाखूची जोड असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले. आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांनीही मद्याच्या लेबलवर आरोग्याचा दावा करण्यास मनाई केली आहे.

‘मग द्राक्षासव कसे चालते?’ असे कोणी विचारील. द्राक्षासवातही पाच ते दहा टक्के अल्कोहोल तयार झालेले असते, हे खरे. पण त्याची मात्रा चमच्यांत मोजतात. आठ टक्क्यांचे द्राक्षासव १५ मिलिलीटर घेतले, तर पोटात जाणारे अल्कोहोल सव्वा मिलिलीटरही नसते. वाइनच्या पेल्यात ते १८. औषध वैद्याच्या सल्ल्याने, मोजून आणि ठराविक दिवस घ्यायचे असते. शिवाय यकृताचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वैद्याला तसे सांगितल्याशिवाय तेही घेऊ नये.

तेव्हा एवढे लक्षात ठेवावे :

जे पीत नाहीत, त्यांनी प्रकृतीसाठी म्हणून वाइन सुरू करू नये.

गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे आणि वाहन चालवणारे यांनी ती पूर्ण टाळावी.

दम्याच्या रुग्णांनी लेबलवर सल्फाइटचा उल्लेख आहे का, हे पाहावे. वाइन टिकवण्यासाठी ते वापरतात आणि काहींचा दमा त्याने उसळतो.

जे घेतात, त्यांनी डॉक्टरांपासून ते लपवू नये. ‘फक्त वाइन घेतो’ हेही सांगावे. रोज बरीच घेणाऱ्यांनी ती एकदम न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. अचानक थांबवल्यास थरथर, भास आणि झटके येऊ शकतात.

द्राक्ष उत्पादकाच्या कष्टाचे चीज व्हावे आणि आपल्या वायनऱ्यांनी पदके मिळवावीत, याला कोणाचाच विरोध नसावा. ते पदक चवीचे आहे, एवढेच. प्रकृतीसाठी फळ हवे असेल तर काळी द्राक्षे सालीसकट चावून खावीत, उन्हाळ्याच्या अखेरीस जांभळे आणि करवंदे खावीत. त्यातली साखर, चोथा आणि रंगद्रव्ये जशीच्या तशी पोटात जातात. मधुमेहींनी मूठभर फळावर थांबावे आणि आपल्या डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण पाळावे.