जिप्सीचा पत्रा : चार दशकांचा मागोवा

मारुतीने जिप्सी बाजारात आणली १९८५च्या डिसेंबरात, आणि २०१९च्या आसपास ती सामान्य गिऱ्हाइकाला मिळेनाशी झाली. मधल्या काळात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलवाटांवर तिने जुन्या जीपची जागा घेतली. १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला, पुढे पर्यटन वाढलं, आणि मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या गेटवर हूड उतरवलेल्या जिप्सींची रांग रोजचीच झाली. यातल्या कित्येक गाड्यांचं इंजिन अजून ठणठणीत आहे, पत्रा मात्र सडला आहे. या सगळ्या काळाकडे पाहताना माझं मत पक्कं होत गेलं ते असं, की गंजाने जेवढ्या गाड्या खाल्ल्या त्याहून जास्त गाड्या चुकीच्या दुरुस्तीने खाल्ल्या. गंज दिसला की आपण रंगवाल्याकडे गेलो. जायला हवं होतं पत्रा कापून नवा बसवणाऱ्याकडे.

आधीच्या जीपचा पत्रा जाड आणि बराचसा सपाट होता. तो सडला तर मूल किंवा अहेरीचा ट्रॅक्टर-ट्रॉली जोडणारा वेल्डरही त्याला ठिगळ लावू शकत असे. जिप्सीचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, साच्यात दाबून घडवलेला; त्याच्या फरशीवरच्या उभ्या-आडव्या नाळ्यांमुळेच त्याला ताठपणा येतो. त्यात इथलं हवामान. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर गेला की सांध्यांमधलं सीलंट तडकतं आणि जूनमध्ये त्याच फटींतून पाणी शिरतं. तरी निव्वळ पावसाने गाडी फारशी गंजत नाही, पाणी वाहून जातं आणि पत्रा वाळतो. खरं नुकसान करतो तो मडगार्डच्या आतल्या वळणात बसलेला चिखल. तो दिवाळीपर्यंत ओला राहतो, आणि त्याच्याखाली जिथे हवा कमी पोचते तिथे लोखंड झपाट्याने खाल्लं जातं. भामरागडकडे नाले ओलांडणाऱ्या गाड्यांच्या दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत असंच पाणी साचून राहतं. चंद्रपूर शहराच्या बाजूला औष्णिक वीज केंद्राची राख आणि कोळशाची धूळही त्या चिखलात मिसळते. ओलाव्याच्या जोडीला गंधकाचा धूर असला की गंजाचा वेग वाढतो, हे धातुशास्त्राचं जुनं ज्ञान आहे.

ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅटिंग उचललं की सगळं कळतं. वरून रंगाला नुसते फोड आलेले दिसतात, पण स्क्रूड्रायव्हर टेकवला की तो आरपार जातो आणि हाताशी तांबूस पापुद्रे येतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. यावर सर्रास होत आलेले उपाय दोन. एक म्हणजे घासून पुट्टी भरायची आणि वर रंग मारायचा. पुट्टी ओलावा शोषते, खालचा गंज तसाच चालू राहतो, आणि एकदोन पावसाळ्यांत फोड पुन्हा येतात, या वेळी मोठे. दुसरा म्हणजे सडलेल्या फरशीवर चेकर प्लेट टाकून रिव्हेट मारायचे. हा मला जास्त घातक वाटतो, कारण गाडी मजबूत झाल्यासारखी वाटते आणि दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी कायमचं कोंडून राहतं. नीट दुरुस्तीत चकचकीत, निरोगी लोखंड लागेपर्यंत कापावं लागतं. मग तेवढ्याच जाडीचा पत्रा नाळ्यांसकट ठोकून घडवायचा, सीओटू वेल्डिंगने थोड्याथोड्या अंतरावर टाके मारत, पत्रा थंड होऊ देत जोडायचा. गॅसच्या ज्योतीने एवढा पातळ पत्रा वाकडा होतो. शेवटी पोकळ भागांत आतून मेण किंवा तेलकट लेप फवारायचा. हा टप्पा जवळजवळ नेहमी गाळला जातो.

यावर गाडीमालकांचं म्हणणं असतं की एवढा वेळ आणि पैसा कुठून आणायचा. गाडी उभी राहिली की फेऱ्या बुडतात. हे खरं आहे. पण गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर पर्यटनाला बंद असतं, आणि दोनतीनदा केलेल्या पुट्टी-रंगाचा खर्च जोडला तर एकदाच्या कापणीपेक्षा तो फार कमी निघत नाही. त्याहून वजनदार आक्षेप पेंटर घेतात : पावसाळ्यात उघडा पत्रा रातोरात तांबूस होतो आणि दमट हवेत मारलेला रंग धरत नाही. त्यावर काम विभागणं हाच उपाय आहे. कापणी-जोडणी पावसाळ्यात छपराखाली करावी, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा, आणि शेवटचा रंग सप्टेंबरअखेर कोरडी उघडीप पाहून द्यावा. साधा प्रायमर इथे चालत नाही, तो पाणी आत सोडतो.

राहिला प्रश्न जुन्या गाड्या मोडीतच काढाव्यात या मताचा. २०२१च्या ऑगस्टमध्ये स्क्रॅपिंगचं राष्ट्रीय धोरण जाहीर झालं आणि १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचं नूतनीकरण थांबलं. पर्यटक बसवायचे तर या मतामागची सुरक्षिततेची काळजी रास्तच आहे. पण परदेशी हौशींच्या अनेक जुन्या कन्व्हर्टिबल गाड्यांना वेगळी चासी नसते; छतही नसल्याने दाराखालची पट्टी सडली की गाडी मधोमध झुकते आणि दारं लागेनाशी होतात. जिप्सीचं तसं नाही. तिची शिडीसारखी चासी स्वतंत्र आहे आणि बॉडी तिच्यावर रबरी गुटक्यांवर बोल्टने बसवलेली आहे, त्यामुळे फरशी बदलली तरी कणा शाबूत राहतो. म्हणून मोडीत काढण्याची कसोटी वयावर न ठेवता चासीवर ठेवावी. चासीच्या पट्टीला भोक पडलं असेल तर गाडी निःसंकोच भंगारात जावी, आणि आसनांचे बोल्ट जिथे बसतात तिथली जोडणी अखंड वेल्डिंगची असल्याशिवाय फिटनेस मिळू नये. आठ वर्षांनंतर व्यावसायिक वाहनाची ही तपासणी दरवर्षी होतेच. त्यात गाडी लिफ्टवर घेऊन हातोडीने चासी ठोकून पाहायला फार वेळ लागत नाही. आणि भंगारात जाणाऱ्या सरकारी जिप्सींची दारं, मडगार्ड, फाळके वितळवण्याआधी या दोन जिल्ह्यांतल्या गॅरेजना विकत मिळाले, तर हाताने घडवायचा पत्रा निम्म्यावर येईल.