उन्हातला रफूगार

2020 च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस. जाऊन बघणे शक्य नव्हते, पण बुलढाण्यातले ते फोटो इकडे बीडमध्ये आमच्या मोबाइलवर येऊन पोचले. वनखात्याने पाण्याचे नमुने तपासायला दिले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या रंगाचा धनी शोधला: मिठात वाढणारे आर्किया. पाणी स्थिर ठेवले की गुलाबी जीव तळाशी बसत आणि वर नितळ पाणी उरे. रंगाची बातमी झाली. त्या जिवांच्या पेशीत चालणाऱ्या कामाची झाली नाही, म्हणून हा मागोवा.

आर्किया ही जिवाणूंहून निराळी शाखा आहे, हे कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये मांडले. त्याच्या कितीतरी आधी, 1949 मध्ये, अल्बर्ट केल्नर यांना एक विलक्षण गोष्ट दिसली होती. अतिनील किरणांनी मेल्यात जमा झालेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात ठेवले, तर त्यातले पुष्कळ पुन्हा वाढू लागत. ही करणी फोटोलायेज या विकराची.

अतिनील किरणांमुळे डीएनएच्या एकाच पट्टीवरची शेजारची दोन थायमिन अक्षरे एकमेकांना चिकटतात आणि नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडते. 1995 मध्ये एका जिवाणूतल्या फोटोलायेजची रचना उलगडली. त्यात एक खळगी आहे आणि तिच्या आत यू आकारात दुमडलेला एफएडी नावाचा रेणू. चिकटलेली जोडी डीएनएतून बाहेर वळून या खळगीत बसते. निळा उजेड पडला की एफएडी तिला एक इलेक्ट्रॉन देतो, जोड सुटतो, इलेक्ट्रॉन परत येतो. काही कापायचे नाही, नवे काही विणायचे नाही. ज्या उन्हाने नुकसान केले त्याच उन्हावर दुरुस्ती! या विकरावर काम करणारे अझीझ सान्जार डीएनए-दुरुस्तीच्या अभ्यासासाठी 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

लोणारच्या आर्कियांच्या गोतावळ्यातल्या हॅलोबॅक्टेरियमचा जीनोम 2000 मध्ये वाचला गेला, सुमारे 25 लाख 71 हजार अक्षरांचा. त्यात फोटोलायेजसारखी दोन जनुके निघाली. उजेडातली दुरुस्ती त्यातले एकच करते, हे पुढे प्रयोगांतून ठरले. अंधारासाठी वेगळी सोय आहे: बिघडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना काप घेऊन तुकडा काढणारी विकरे.

मला मात्र 2005 चा प्रयोग सर्वांत जवळचा वाटतो. हॅलोबॅक्टेरियम कडकडीत वाळवले, त्याच्या डीएनएचे तुकडे झाले, आणि ओलावा मिळताच काही तासांत ते पुन्हा सांधले गेले. 2016 मध्ये आमच्या केज तालुक्यातले मांजरा धरण कोरडे पडलेले आम्ही पाहिले आहे. वाळून जाणे म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही.

डीएनएची तुटलेली टोके धरून ठेवते कोण? याचे उत्तर इटलीच्या किनाऱ्यावरच्या उकळत्या पाण्यातून मिळालेल्या पायरोकॉकस या आर्कियाने दिले. त्याच्या रॅड-50 प्रथिनाला लांब हात असतात आणि हाताच्या टोकाला आकडा. दोन आकडे मधोमध जस्ताचा एक अणू धरून एकमेकांत अडकतात, हे 2002 मध्ये दिसले. मग रॅड-ए हे दुसरे प्रथिन तुटक्या पट्टीवर माळेसारखे चढते आणि डीएनएच्या शाबूत प्रतीत जुळणारी जागा शोधते. आपल्या पेशींत हेच काम रॅड-51 करते, आणि रॅड-ए त्याचे सख्ख्या नात्यातले.