बरोक चित्रांतील संत कसा ओळखावा? उदाहरण : संत थॉमस

चेन्नईच्या सांथोम बॅसिलिकात संत थॉमसची समाधी आहे. परंपरेनुसार इ. स. ७२ मध्ये याच शहरातील सेंट थॉमस माउंट येथे त्याला भाला भोसकून मारले. ज्या शस्त्राने संताचा अंत झाला तेच पुढे त्याची ओळख ठरते, असा ख्रिस्ती चित्रकलेचा संकेत आहे. म्हणून थॉमसच्या हाती भाला दिसतो.

दुसरी खूण गुण्याची, म्हणजे काटकोन तपासण्याच्या साधनाची. गोंडोफर्नीस राजाने महालासाठी दिलेले धन थॉमसने गरिबांना वाटले आणि महाल स्वर्गात उभा राहिला, अशी कथा आहे. त्यामुळे तो बांधकाम करणाऱ्यांचा संरक्षक संत मानला जातो.

सतराव्या शतकातील बरोक चित्रकारांनी संताला साध्या माणसाचे रूप दिले. वेलाझ्केझच्या चित्रात (सु. १६१८-२०) थॉमसकडे भाला आणि उघडे पुस्तक आहे. काराव्हाज्योच्या चित्रात (सु. १६०१-०२) दोन्ही खुणा नाहीत, पुनरुत्थानाची खात्री करण्यासाठी तो ख्रिस्ताच्या जखमेत बोट घालतो. येथे कृतीच खूण होते.

लक्षात ठेवा : भाला संत जॉर्जकडेही असतो, पण त्याच्यासमोर ड्रॅगन असतो. एकाच खुणेवरून नाव ठरवू नये.