किनारा तेवढा काढा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा ‘एक्स्पर्ट’ संच १९८१ साली निघाला, तेव्हा त्याच्या खोक्यात नियमांच्या पुस्तिकेबरोबर ‘द आइल ऑफ ड्रेड’ नावाचं एक तयार साहसही घातलेलं होतं. डेव्हिड कुक आणि टॉम मोल्डव्हे यांनी रचलेल्या या साहसात एकाच बेटाचे दोन नकाशे आहेत. एक खेळ चालवणाऱ्यासाठी. त्यात डोंगर, दलदल, जंगल, वस्त्या असं सगळं भरलेलं. दुसरा खेळाडूंच्या हाती द्यायचा. त्यात किनाऱ्याची रेघ आणि तिच्यालगतची जुजबी माहिती, बेटाच्या पोटात मात्र कोरा कागद. कारणही कथेतच दिलेलं आहे : हा नकाशा एका जहाजाच्या कप्तानाचा, आणि तो बेटाच्या आत कधी शिरलाच नाही. कल्पित जगांचे हजारो देखणे नकाशे आजवर निघाले असतील, पण खेळासाठी नकाशा कसा असावा याचा धडा घ्यायचा तर मी या अर्ध्या रिकाम्या कागदाकडेच बोट दाखवीन.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण खेळ चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. समोर काय दिसतंय ते मास्टर सांगतो, आपण काय करणार ते खेळाडू सांगतात, आणि जिथे शंका असेल तिथे निकाल फाशांवर सोडला जातो. हार-जीत नसते, गोष्ट पुढे जाते, इतकंच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ छापला, आणि तेव्हापासून मास्टर होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं काम ठरलेलं आहे : पेन्सिल, आलेख कागद आणि नकाशा. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. नकाशा म्हणजे आपल्या जगाचं चित्र अशी समजूत करून घेऊन ते खंड, साम्राज्यं, राजधान्या काढत बसतात. खेळातला नकाशा मुळात निर्णय घ्यायचं साधन आहे. त्याच्याकडे पाहून खेळाडूला ‘इकडून जाऊ की तिकडून’ असा प्रश्न पडला पाहिजे. जो तपशील असा प्रश्न उभा करत नाही, तो नसला तरी खेळाचं काही अडत नाही.

याचा पुरावा खेळाच्या जन्मातच सापडतो. १९७४च्या मूळ पुस्तिकांत रानावनातल्या प्रवासासाठी नवा नकाशा दिलेलाच नव्हता. ॲव्हलॉन हिल कंपनीचा ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ नावाचा एक बैठा खेळ १९७२पासून बाजारात होता, रानात वाट चुकलेल्या माणसाने तग कसा धरायचा याचा. त्याचाच पट घ्या, असा सल्ला गायगॅक्स-आर्नेसन यांनी दिला होता. म्हणजे या खेळातलं पहिलं रान उसनं होतं, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. कारण जीव होता तो नियमांत. पट मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांचा, एक घर पाच मैलांचं, म्हणजे सुमारे आठ किलोमीटर. पायी चालणारा दिवसाला तीन घरं जाणार. पण डोंगराचं एक घर तीन घरांची चाल खाणार, म्हणजे अख्खा दिवस तिथेच. मोकळ्या माळावर वाट चुकायची शक्यता सहात एक, दलदलीत सहात तीन. आता नकाशावरचं डोंगराचं त्रिकोणी चिन्ह बघा. ते नुसती शोभा उरत नाही, त्याला किंमत येते. डोंगर ओलांडला तर एक दिवस जाईल. दलदलीतून गेलो तर निम्म्या वेळा भरकटू. वळसा घातला तर शिधा पुरेल का? टेबलाभोवती वाद सुरू होतो, आणि हा वाद म्हणजेच खेळ.

षटकोनच का, चौकोन का नाही, यालाही साधं उत्तर आहे. बुद्धिबळाच्या पटावर शेजारच्या घरात सरळ जाण्यापेक्षा तिरकं जाण्यात सुमारे दीडपट अंतर पडतं. षटकोनाच्या सहाही शेजारघरांची मध्यबिंदूपासूनची अंतरं सारखीच. पुढे ‘आइल ऑफ ड्रेड’मध्ये घर सहा मैलांचं झालं आणि तेच माप रूढ झालं. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण तीन मैलांवर दिसतं, म्हणजे घराच्या मधोमध उभं राहिलं की नजर घराच्या कडेपर्यंत पोचते. हे कोणी मुद्दाम योजलं होतं असं मी म्हणणार नाही, पण योगायोग मोठा सोयीचा आहे.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो : मग टॉल्किनचं काय? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना आपण आधी नकाशा केला आणि गोष्ट त्यात बसवली, असं त्यांनीच एका पत्रात नमूद केलं आहे. खरं आहे. पण कादंबरीकाराला आपली पात्रं कुठल्या वाटेने जाणार हे ठरवता येतं. मास्टरला ते ठरवता येत नाही, आणि ठरवायला गेला की खेळाडू कंटाळतात. त्याच्या नकाशाला तीन वाटांचं ओझं सारखंच पेलावं लागतं. जेनेल जॅक्वेज यांचं १९७९चं ‘केव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ हे भुयारांचं साहस आजही नावाजलं जातं ते यासाठीच. त्यात आत शिरायच्या वाटा अनेक, एका मजल्यावरून दुसऱ्यावर उतरायचे मार्गही अनेक, कुठे वळसा घालून मागून निघता येतं. एकापुढे एक खोल्यांची आगगाडी काढली तर ती कितीही रेखीव असो, खेळाडूला तिच्यात निवडायला काही नसतं.

दुसरा आक्षेप भूगोलाच्या जाणकारांचा. नदी चढावर जाते, एका नदीच्या पुढे दोन होतात, डोंगररांगा काटकोनात वळतात, अशा चुका ते लगेच पकडतात. त्यांचं म्हणणं अर्धं मान्य करायला हवं, पण कारण वेगळं आहे. शास्त्र बिघडतं म्हणून नव्हे, तर खेळाडूचा तर्क बिघडतो म्हणून. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पर्जन्यछाया आपण शाळेतच शिकलो. मास्टरने डोंगराच्या पलीकडे कोरडा मुलूख ठेवला तर हुशार खेळाडू न सांगता पखाली भरून घेईल. तर्क खरा ठरण्यातला आनंद त्याला मिळतो. मात्र नियमांचा बाऊ नको. कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर उगवते आणि त्याकडे पाठ फिरवून १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. कल्पित नकाशात कोणी ही नदी काढली असती तर तिला चूकच म्हटलं असतं. व्हेनेझुएलातली कासिकियारे ओरिनोकोचं पाणी फोडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात नेते. अपवाद खुशाल ठेवा, पण नकाशात एकच ठेवा आणि त्यामागे कारण असू द्या. खेळाडू ते शोधायला निघतील.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. कोरी जागा ठेवायची म्हणजे मास्टरला मोकळं रान. आयत्या वेळी मनात येईल ते तिथे बसवेल, मग खेळाडूंच्या निर्णयाला अर्थ काय? म्हणूनच नकाशे दोन हवेत. १९७०च्या दशकातच जजेस गिल्ड ही कंपनी आपल्या ‘वाइल्डरलँड्स’ जगाचे नकाशे असे जोडीने छापत असे, मास्टरचा भरलेला आणि खेळाडूंचा अर्धवट. खेळाडूंना जे कोरं दिसतं ते मास्टरकडे आधीच ठरलेलं असतं, निदान पुढच्या बैठकीत जिथवर पाय पोचतील तिथवर. त्यापलीकडचं त्यालाही ठाऊक नसलं तरी लबाडी होत नाही, कारण तिथला निर्णय अजून कोणी घेतलेलाच नसतो.

सौंदर्याला माझा विरोध नाही. डार्लीन या चित्रकर्तीने १९८०मध्ये काढलेला ग्रेहॉक जगाचा दोन मोठ्या तावांचा नकाशा भिंतीवर लावण्याजोगा आहे, आणि त्यावर षटकोनी घरंही आहेत. मोजायला घेतला तरी तो तितकाच उपयोगी. आज इंकार्नेट किंवा वंडरड्राफ्टसारख्या साधनांनी तासाभरात झाडाझुडपांनी भरलेलं खंड तयार होतं. पण इतक्या सहज भरता येतं म्हणून भरत सुटणं हाच त्यातला धोका. नव्याने खेळ चालवणाऱ्याने एक ताव घ्यावा, एक गाव, एक ओसाड गढी, गढीकडे जाणाऱ्या तीन वाटा आणि प्रत्येक वाटेची वेगळी अडचण काढावी, आणि खेळाडूंना द्यायच्या प्रतीत गाव तेवढं ठेवावं. आणि हो, काम पेन्सिलीनेच करावं. दुसऱ्याच बैठकीत खोडरबर लागतो.