घाटाघाटानं नांदणारी वाई

पुण्याहून महाबळेश्वरला निघालेली गाडी सुरूर फाट्याला महामार्ग सोडते आणि थोड्याच वेळात वाईत शिरते. बहुतेक प्रवाशांची वाई तासाभरात उरकते. ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटाच्या पायऱ्यांवर फोटो, सवड असली तर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा, आणि मग पसरणीचा घाट चढून पाचगणी. एवढ्यात जे दिसतं ते देखणंच आहे. पण २०११ च्या जनगणनेत जेमतेम ३६ हजार वस्ती असलेल्या या तालुक्याच्या गावाची खरी श्रीमंती इथल्या आळ्यांत आहे, आळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या पाळीत आहे. तासाभराच्या पाहुण्याला ती दिसणं अवघड.

कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरातून येते, धोम धरणात अडते आणि तिथून सुटली की वाईला येते. गावात तिच्या काठाला सात घाट लागतात. भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी. नावं वाचली तरी ध्यानात येतं की इथे घाट आणि वस्ती वेगळी काढता येत नाही. आळी संपते तिथे पायऱ्या सुरू होतात. धुणं तिथेच, स्नान तिथेच, सुट्टीत पोहायला शिकणारी पोरं तिथेच आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला आलेली म्हातारी माणसंही तिथेच. जुन्या वाईकराला घर कुठं म्हणून विचारलं तर तो आधी आळी सांगतो.

माघ लागला की या घाटांवर कृष्णाबाईचा, म्हणजे देवी मानलेल्या या नदीचाच, उत्सव सुरू होतो आणि चैत्रापर्यंत चालतो. सातही घाट एकदम उत्सव करत नाहीत, हीच यातली मोठी गोष्ट. प्रत्येक आळीचे दिवस ठरलेले आहेत. एका घाटावरचा मांडव सुटतो आणि दुसऱ्या घाटावर वासे-बांबू येऊन पडतात. ज्या आळीची पाळी ती यजमान, बाकीचं गाव पाहुणं; आणि थोड्याच दिवसांत त्या पाहुण्यांवर यजमान व्हायची वेळ येते. त्यामुळे आदरातिथ्य करताना हात आखडता घेण्याची सोयच नाही. कुणाची सजावट उजवी झाली, कुणाकडचं कीर्तन रंगलं, कुणाचा प्रसाद चांगला झाला, याची चर्चा दुकानाच्या फळीपासून एसटी स्टँडपर्यंत चालते. त्या चर्चेत चढाओढ असते, पण ती मुरलेल्या घरोब्यातली. एकमेकांच्या ताटात जेवणाऱ्यांना फार काळ भांडता येत नाही.

उत्सव सुरू झाला असं नुसतं म्हणणंदेखील किती सुखाचं असतं! देवीची उत्सवमूर्ती घाटावरच्या मांडवात बसते, लुगडं नेसते, दागिने घालते. सकाळी अभिषेक आणि सूक्तांची आवर्तनं, दुपारी बायकांची भजनी मंडळं आणि हळदीकुंकू, संध्याकाळी आरती, रात्री कीर्तन, प्रवचन किंवा गाणं. शेवटाकडे महाप्रसाद आणि पालखी. हे वाचताना कोणत्याही गावच्या उत्सवाची पत्रिका वाटेल. पत्रिकेत न येणारा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. वर्गणीची वही घेऊन घरोघर फिरणारे, आचाऱ्याशी बोलणी करणारे, कीर्तनकारांच्या उतरण्याची सोय पाहणारे, मांडवात रात्री झोपणारे, पंगतीत वाढणारे, हे सगळे आळीतलेच. एरवी बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करणारा माणूस त्या दिवसांत आमटीची बादली घेऊन पंगतीतून धावतो. भाजी चिरायला बसलेल्या बायकांत सासू-सून शेजारी शेजारी असतात. पुण्या-मुंबईला गेलेली मुलं रजा काढून येतात ती आपल्या घाटाच्या दिवसांना. सातवीतला मुलगा यंदा पत्रावळी मांडतो, पुढे कधी मीठ वाढतो, आणि मिसरूड फुटेपर्यंत त्याच्या हाती भाताचं भांडं येतं. गाव चालवण्याचं शिक्षण याहून चांगलं कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही.

या उत्सवाच्या उगमाची परंपरा अशी सांगतात. १६५९ साली अफजलखानाचा तळ वाईला पडला होता. शिवरायांवरचं हे संकट टळावं म्हणून इथल्या शेंडे शास्त्र्यांनी कृष्णामाईला नवस केला. त्या वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी काय घडलं ते मराठी माणसाला सांगायला नको. नवस फेडण्यासाठी उत्सव सुरू झाला. गावात इतकी देवळं, पण नवस बोलला गेला तो वाहत्या नदीला. पुढे कृष्णेच्या काठानं खाली गेलं तर कऱ्हाडलाही कृष्णामाईची चैत्रातली यात्रा भरते. या खोऱ्यात नदी ही घरातली वडीलधारी बाई आहे. तिची ओटी भरतात, तिला नैवेद्य दाखवतात आणि तिच्याकडे गाऱ्हाणंही घालतात.

नदीची ही जाण बांधकामातही उतरली आहे. आज आपण पाहतो त्या वाईला रूप दिलं ते पेशवाईतल्या रास्त्यांनी. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या. आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं आणि गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये ढोल्या गणपतीचं. गणपतीची ती भव्य, ऐसपैस बसलेली एकसंध दगडी मूर्ती सगळे पाहतात. देवळाच्या मागे जाऊन भिंत पाहणारे थोडे. ती सरळ नाही; माशाच्या आकाराला जुळेल अशी निमुळती काढलेली आहे. पुराचं पाणी तिच्यावर आदळलं की दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीच्या इतकं जवळ बांधायचं तर तिला वाट द्यायची, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. अडीचशे वर्षांहून जास्त काळ देऊळ उभं आहे.

घाटांइतकंच वाईचं दुसरं वेड म्हणजे ऐकणं आणि वाचणं. गंगापुरीत प्राज्ञपाठशाळा आहे. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या अध्यापनातून ती उभी राहिली आणि १९१६ पासून या नावानं ओळखली जाऊ लागली. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन १९१७ साली विनोबा इथे शिकायला आले ते याच शास्त्रीबुवांपाशी. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा लक्ष्मण जोशी हा मुलगा इथेच वाढला आणि तर्कतीर्थ झाला. धर्मशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या या पाठशाळेतून जी माणसं निघाली त्यांनी तेच शास्त्र अस्पृश्यतेच्या विरोधात उभं केलं, ही या गावाच्या इतिहासातली मला सर्वांत अभिमानाची वाटणारी गोष्ट. जुनी पोथी जपायची आणि तिच्याशी वादही घालायचा, हे दोन्ही इथे एकाच बैठकीवर चाललं. तर्कतीर्थांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; अकादमीच्या पुरस्कारांचं ते पहिलंच वर्ष. पुढे मराठी विश्वकोशाचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा कार्यालय मुंबई-पुण्यात न जाता वाईत राहिलं. १९७६ मध्ये पहिला खंड निघाला आणि खंडांची संख्या वाढत वाढत विसापर्यंत गेली. अणुशक्तीपासून वनस्पतींपर्यंतच्या नोंदींची मुद्रितं घाटापासून हाकेच्या अंतरावर तपासली जात होती. प्राज्ञपाठशाळेचा धर्मकोश आणि 'नवभारत' हे मासिकही याच गंगापुरीतलं. तालुक्याच्या गावात संपादक, लेखनिक, मुद्रितशोधक यांची एक वसाहतच तयार झाली आणि तिनं गावाच्या बोलण्याला वळण लावलं.

ते वळण पाहायचं तर मे महिन्यात वाईला यावं. लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची वसंत व्याख्यानमाला तेव्हा तीन आठवडे रोज संध्याकाळी चालते. तिनं शंभरी ओलांडली आहे. अर्थकारण, इतिहास, शेती, नाटक, आरोग्य, परराष्ट्र धोरण, असा कुठलाही विषय असो, बाया-माणसं जेवणाची वेळ पुढे-मागे करून येऊन बसतात. वक्ता मोठा म्हणून टाळी आणि नवखा म्हणून उठून जाणं, असं इथे होत नाही. समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी त्या विषयावर आयुष्य घालवलेलं असू शकतं, हे व्याख्यात्यांना माहीत असतं आणि ते तयारी करून येतात. उन्हाळ्यात माहेरी आलेल्या लेकी, सुट्टीला आलेली नातवंडं यांनाही आजी-आजोबांबरोबर या व्याख्यानांची हजेरी चुकत नाही. कृष्णाबाईच्या मांडवात कीर्तन ऐकून ज्या गावाचा कान तयार झाला, त्यानंच ही व्याख्यानमाला शतकभर धरून ठेवली, असं मी मानतो.

आजूबाजूच्या गावांचा या जगण्याशी सांधा पक्का आहे. आठवडे बाजाराला सगळा तालुका वाईत उतरतो. हळदीच्या व्यापारासाठी इथली पेठ जुनी. पसरणी हे शाहीर साबळे यांचं गाव. 'जय जय महाराष्ट्र माझा' घराघरांत नेणारा तो खडा आवाज याच मातीतला. बावधनला रंगपंचमीच्या दिवशी भैरवनाथाचं बगाड निघतं. दगडी चाकांचा तो अजस्र लाकडी गाडा कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैलांच्या जोड्या बदलत बदलत शेतांतून ओढत गावात नेतात. गाड्यावरच्या शिडाला बांधला जाणारा बगाड्या कोण होणार ते होळीच्या सुमारास देवाचा कौल लावून ठरतं. मेणवलीच्या घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेली पोर्तुगीज चर्चची घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून दिसते. 'स्वदेस'चं चित्रण याच मेणवलीत झालं, 'गंगाजल' आणि 'दबंग'चं वाईत. पडद्यावर ही गावं उत्तरेतली म्हणून उभी राहिली आणि गर्दीत मात्र वाईकर होते.

आता काळजीची गोष्ट. ज्या नदीला नवस बोलला तिच्यात गावाचं सांडपाणी जातं. पाणी संथ झालं की जलपर्णी पसरते. घाटाच्या पायऱ्यांवर प्लास्टिक अडकलेलं दिसतं, आणि त्यातलं पुष्कळसं पाहुण्यांनी टाकलेलं असतं. रविवारी सकाळी फावडी-घमेली घेऊन पात्रात उतरणारे स्वयंसेवक गावात आहेत, त्यांच्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, कॉलेजची मुलं आहेत. त्यांचं काम पाहिलं की आदर वाटतो. पण सांडपाण्याचा प्रश्न घमेल्यानं सुटणारा नाही. तिथे नगरपालिकेनं आणि सरकारनं पैसा आणि जिद्द दोन्ही ओतायला हवीत. आळ्यांतले चौसोपी वाडे पडून तिथे इमारती उभ्या राहत आहेत, त्यांत नवी कुटुंबं येत आहेत. त्यांना वर्गणीच्या वहीपलीकडे नेऊन वाढपाच्या ओळीत उभं करणं हे आळ्यांपुढचं काम आहे, आणि काही घाटांवर ते मनापासून चालूही आहे.

वाईला जायचं तर माघ ते चैत्रातला एखादा दिवस निवडावा. स्टँडवर उतरल्यावर सध्या कुठल्या घाटाचे दिवस चालू आहेत, एवढं विचारलं तरी पुरे; रस्ता कुणीही दाखवील. दुपारी देवळं पाहून घ्यावीत, ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीपर्यंत जरूर जावं, मेणवली तिथून तीन-चार किलोमीटरवर आहे. रात्रीचा मुक्काम मात्र पाचगणीला न नेता वाईतच करावा, कारण कीर्तन आरती झाल्यावर उभं राहतं.